शाळेचे बुडालेले दिवस कोणाच्या खात्यावर?

मागच्या व्याख्यानानंतर प्रश्नोत्तरांच्या वेळी नदीकाठच्या एका गावातल्या प्राथमिक शिक्षिका उठून उभ्या राहिल्या होत्या. त्या म्हणाल्या, "पुरात आमची शाळा सोळा दिवस बंद होती. आता रविवारी शाळा भरवून दिवस भरून काढा म्हणतात. पोरं येतात, बसतात, पण शिकणं होत नाही. हे आम्ही नेमकं कोणासाठी करतोय, सर?" वेळ संपत आली होती. दोन वाक्यांत काहीतरी सांगून आम्ही सुटका करून घेतली. घरी गेल्यावर लक्षात आलं, की ते उत्तर त्यांच्या प्रश्नाला नव्हतंच. म्हणून आजचं व्याख्यान त्या प्रश्नावर.

विषय वरवर रुक्ष आहे. शाळेचे किमान कामाचे दिवस किती, तास किती, आणि आपत्तीमुळे ते कमी पडले तर काय करायचं. परिपत्रकाचा विषय वाटतो. पण त्याच्या पोटात एक जुना प्रश्न आहे: जे देणं लागतो ते देता आलं नाही, तर त्या देण्याचं पुढे काय होतं?

आधी आपल्या भाषेकडे बघू. पावसाळ्यात भल्या सकाळी मोबाईलवर निरोप येतो, "जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशानुसार आज शाळांना सुट्टी." मुलं आनंदानं उड्या मारतात. पण ही सुट्टी नव्हे. सुट्टी म्हणजे ठरवून मोकळं सुटणं. दिवाळीची सुट्टी वर्षाच्या हिशोबात आधीच धरलेली असते. पुरामुळे बंद राहिलेला दिवस हिशोबात धरलेला नसतो, तो हिशोबातून जातो. त्यासाठी मराठीत वेगळं क्रियापद आहे. आपण म्हणतो, शाळा बुडाली. तास बुडाला. वर्ष बुडालं. आणि हेच क्रियापद आपण पैशालाही वापरतो: उसने दिलेले पैसे बुडाले, बँकेचं कर्ज बुडीत खात्यात गेलं. गंमत बघा, भाषेनं न सांगता एक सिद्धान्त मांडून ठेवलाय. दिवस बुडतो तेव्हा कोणाचं तरी देणं थकतं. आता धनको कोण आणि ऋणको कोण, एवढंच ठरवायचं राहतं.

ते कायद्यानं ठरवलं आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ सालचा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याला शेवटी एक अनुसूची जोडलेली आहे. वर्गखोल्या किती, स्वच्छतागृहं कशी, अमुक मुलांमागे शिक्षक किती, अशी ती यादी. तिच्यात लिहिलंय: पहिली ते पाचवी, वर्षाला किमान २०० कामाचे दिवस आणि ८०० अध्यापनाचे तास. सहावी ते आठवी, २२० दिवस आणि १,००० तास. पहिल्या आकड्याचा भागाकार सोपा आहे, दिवसाला चार तास. दुसऱ्याचा साडेचारच्या थोडा वर.

या कायद्यात 'सक्ती' हा शब्द आहे आणि त्याचा अर्थ बहुतेक लोक उलटा लावतात. त्यांना वाटतं, सक्ती मुलावर आहे किंवा पालकांवर आहे. पण कायद्यानं स्वतःच खुलासा केलेला आहे, की सक्ती सरकारवर आहे: मुलाला प्रवेश मिळेल, तो हजर राहील आणि त्याचं शिक्षण पूर्ण होईल, हे बघण्याची. म्हणजे २०० दिवस मुलानं शाळेला द्यायचे नाहीत, सरकारनं मुलाला द्यायचे आहेत. धनको ते सात वर्षांचं पोर आहे. हे एवढं डोक्यात पक्कं ठेवलं, की पुढचा बराच गोंधळ मिटतो.

आता जरा आकडेमोड करू, कारण तत्त्वज्ञानाच्या माणसांवर आरोप असतो की हे हवेत बोलतात. वर्षाचे ३६५ दिवस, त्यातून ५२ रविवार वजा, राहिले ३१३. आपल्याकडे शिक्षण खात्याच्या परिपत्रकांतून दरवर्षी येणारा संकेत असा, की रविवार सोडून सुट्ट्या ७६ पेक्षा जास्त नसाव्यात आणि कामाचे दिवस किमान २३० व्हावेत. ३१३ मधून ७६ गेले, उरले २३७. त्या बाईंच्या शाळेचे सोळा दिवस पाण्यात गेले, उरले २२१. हे २२१ म्हणजे प्राथमिकला लागणाऱ्या २०० पेक्षा एकवीस जास्त. उच्च प्राथमिकच्या २२० पेक्षाही एक जास्त. म्हणजे केंद्राचा कायदा मोडलेलाच नाही! कमी पडतात ते परिपत्रकाच्या २३० ला, नऊ दिवस.

मग रविवारची शाळा कशासाठी चालली आहे? कायद्यासाठी नाही. ती चालली आहे तक्त्यासाठी. अर्थात तक्ता वाईट असतो असं आम्ही म्हणत नाही. ते पुढे येईलच.

आकड्यांचा आणखी एक घोळ आहे. दिवस आणि तास ही दोन वेगळी मापं आहेत आणि आपत्तीत ती एकमेकांपासून सुटतात. शनिवारची सकाळची शाळा तीन तासांत आटोपते, पण तक्त्यात ती एक दिवस असते. उलट, सोळा दिवसांचे चार तासांप्रमाणे ६४ तास भरून काढायला रोज अर्धा तास शाळा वाढवली, तर १२८ दिवस लागतात. वर्षाच्या निम्म्याहून जास्त. आणि तो अर्धा तास कोणता? संध्याकाळचा शेवटचा, पोटात कावळे ओरडतात तो. घड्याळाचा अर्धा तास सगळीकडे सारखा असतो, वर्गातला नसतो. हान्री बर्गसाँ नावाच्या फ्रेंच तत्त्वज्ञानं मोजलेला काळ आणि जगलेला काळ असा फरक केला आणि त्यावर ग्रंथ लिहिले. आपल्या प्राथमिक शिक्षकांना तो फरक ग्रंथांशिवाय कळतो. तिसरीच्या वर्गाला दुपारी साडेचारला भागाकार शिकवून बघा.

अमेरिकेतही हा प्रश्न जुना आहे. तिथल्या बऱ्याच राज्यांत १८० दिवसांचा नियम आहे. बर्फामुळे शाळा बंद राहणार हे गृहीत धरून काही ठिकाणी वेळापत्रकातच चार-दोन दिवस राखून ठेवतात. चक्रीवादळासारखं मोठं संकट आलं, की राज्याचं शिक्षण खातं काही दिवसांची माफी देऊ शकतं. काही राज्यांनी दिवसांऐवजी तास मोजायला सुरुवात केली. यातला 'माफी' हा प्रकार आम्हाला विचार करायला लावतो. शेतकऱ्याची कर्जमाफी होते तेव्हा माफ कोण करतं? ज्याचे पैसे द्यायचे आहेत तो, किंवा त्याच्या वतीनं सरकार स्वतःच्या खिशातून भरतं. आणि शाळेचे दिवस माफ होतात तेव्हा? ज्यानं द्यायचे तोच स्वतःला माफ करतो. मुलाला कोणी विचारलेलं नसतं.

लगेच कोणी म्हणेल, पण पुरात शाळा भरवणं शक्यच नव्हतं, मग देणं कसलं? बरोबर आहे. अशक्य गोष्टीची सक्ती कायदा करत नाही, हे कायद्याचं जुनं तत्त्व आहे. नीतिशास्त्रातही 'करायला हवं' म्हणण्याआधी 'करता येईल' हे लागतं. पण यातून निघतं एवढंच, की त्या सोळा दिवसांत शाळा न भरवण्याचा दोष कोणावर येत नाही. देणं संपलं असं त्यातून निघत नाही. दुष्काळात कर्जाचा हप्ता चुकला म्हणून शेतकऱ्याला कोणी लबाड म्हणणार नाही, पण हप्ता वहीत राहतोच. दोष नसणं आणि देणं नसणं या दोन गोष्टी आपण सारख्या एकमेकींत मिसळतो. प्रशासन तर हमखास मिसळतं, कारण तसं केलं की फाईल बंद होते.

आता प्रत्यक्ष काय होतं ते बघू. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांत पूर आला, तेव्हा कृष्णा-पंचगंगेच्या काठची गावंच्या गावं हलवावी लागली. हलवलेली माणसं कुठे ठेवायची? शाळेत. गावात पक्की, मोठी, सरकारच्या ताब्यातली इमारत तीच असते. म्हणजे जिथे पाणी शिरलं ती शाळा बंद, आणि जिथे पाणी शिरलं नाही ती छावणी झाली म्हणून बंद. शिक्षक कुठे? छावणीवर, याद्या करत. हेही कायद्यानुसारच आहे बरं का. ज्या कायद्यानं २०० दिवस सांगितले, त्याच कायद्याचं २७ वं कलम म्हणतं, की शिक्षकाला शिक्षणाबाहेरच्या कामाला लावू नये, अपवाद तीन: जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण. एका हातानं दिवस दिले आणि दुसऱ्या हातानं नेमक्या त्याच दिवसांचा माणूस काढून घेतला. आमची याला हरकत नाही. माणसं पाण्यात असताना मास्तर फळ्यापाशी उभा राहिला, तर तो मास्तर कसला? हरकत एवढीच, की छावणीवरचा दिवस शिक्षकाच्या हजेरीत कामाचा दिवस असतो आणि मुलाच्या वहीत कोरं पान.

पाणी ओसरतं. शाळा उघडते. पण शाळा उघडली म्हणजे मूल शाळेत आलं असं नाही. समजा पाचवीतली एक मुलगी आहे. घराची भिंत पडलीय, आई गाळ उपसतेय, धाकट्याला सांभाळायला ही घरी. महिनाभर ती मामाच्या गावी जाते. वर्षअखेर शाळेचे दिवस भरले २२१, हिचे दीडशेच्या आसपास. शाळेनं कायदा पाळला, सरकारनं कायदा पाळला, आणि मुलीला मिळायचं ते मिळालं नाही. हे कसं झालं? अनुसूची शाळेचे दिवस मोजते, मुलाचे नाही. ज्याचं देणं आहे त्याच्या नावाचं खातंच उघडलेलं नाही.

आणि कधी तर मोजायचं राहूनच जातं. जुलै २०२१ मध्ये चिपळूणमध्ये पूर आला, पाठोपाठ कोल्हापूर-सांगलीतही. त्या वेळी करोनामुळे पहिलीपासूनच्या लहान मुलांच्या शाळा आधीपासूनच बंद होत्या. म्हणून पुरानं बुडवलेले दिवस कोणी वेगळे मोजले नाहीत. कागदावर शिक्षण 'ऑनलाईन' चालू होतं. ज्या घरात वीज नाही आणि फोन चिखलात गेला, तिथेही कागदावर चालूच होतं.

कागदाचा विषय निघालाच आहे तर एक कबुलीही देऊन टाकतो. आम्ही महाविद्यालयात नोकरीला असताना एका वर्षी बरेच आठवडे वर्ग झाले नाहीत. कारणं सोडून द्या. सत्राच्या शेवटी वरून विचारणा आली, की तासिका पूर्ण झाल्या का. आम्ही सगळ्यांनी 'जादा तासिका घेतल्या' असं नोंदवहीत लिहिलं. घेतल्या होत्या चार, लिहिल्या अठरा. त्या वर्षीच्या एका विद्यार्थ्याला पुढे कांटच्या पहिल्या प्रकरणाच्या पलीकडचं काही येत नाही, हे आम्हाला तोंडी परीक्षेत दिसलं आणि आम्ही मान खाली घातली. त्याच्या खात्यावर आम्ही अठरा तास जमा दाखवले होते. मागायची त्याची सोयच आम्ही काढून घेतली होती. नुसती माफी परवडली, तिच्यात निदान थकबाकी कबूल असते. खोट्या नोंदीत ती फिटल्याची पावती असते.

करोनाच्या काळात आणखी एक मार्ग वापरला गेला. २०२०-२१ साठी आपल्या राज्यानं अभ्यासक्रम २५ टक्के कमी केला. केंद्रीय मंडळानं नववी ते बारावीसाठी सुमारे ३० टक्के. त्या वेळी दुसरं काही करणं अवघड होतं, हे मान्य. पण त्याचा अर्थ काय होतो ते बघा. देणं कमी करून ते फेडल्यासारखं दाखवणं. इतिहासात एखादा धडा गाळला तर फार बिघडत नाही. गणितात अपूर्णांक गाळले तर पुढच्या वर्षी टक्केवारी कशावर उभी राहणार? विषयागणिक दिवसाची किंमत बदलते, आणि टक्क्यांत केलेल्या कपातीला ते दिसत नाही.

आता एका अभ्यासाबद्दल सांगतो, कारण तो वाचल्यावर आमचं या विषयावरचं मत बदललं. ८ ऑक्टोबर २००५ रोजी पाकव्याप्त काश्मीर आणि त्याच्या शेजारच्या भागात भीषण भूकंप झाला. मुझफ्फराबाद उद्ध्वस्त झालं. ताहिर अंद्राबी, बेंजामिन डॅनियल्स आणि जिष्णू दास या संशोधकांनी चार वर्षांनी तिथल्या घरांची आणि मुलांची पाहणी केली. घरं बऱ्यापैकी सावरली होती. मदत पोहोचली होती, भूकंपाच्या रेषेजवळची कुटुंबं आणि लांबची कुटुंबं यांच्या राहणीमानात फारसा फरक उरला नव्हता. मुलं शाळेतही जात होती. पण चाचणी घेतल्यावर दिसलं, की भूकंपरेषेजवळची मुलं लांबच्या मुलांपेक्षा दीड ते दोन इयत्ता मागे होती. आणि शाळा किती काळ बंद होत्या? सरासरी चौदा आठवडे.

चौदा आठवडे बंद आणि तोटा दीड-दोन वर्षांचा. हा हिशोब जुळत नाही. याचा अर्थ, सगळा तोटा शाळा बंद असताना झाला नाही, त्यातला मोठा भाग शाळा उघडल्यावर झाला. याचं एक स्पष्टीकरण असं दिलं जातं, आणि ते आम्हाला पटतं: शाळा उघडली तेव्हा वर्ग पुढच्या पाठावर गेला, कारण वेळापत्रक तिथे होतं. मूल होतं मागच्या पाठावर. आजचा पाठ कळला नाही म्हणून उद्याचा कळला नाही, आणि असं चार वर्षं. बुडालेल्या दिवसांवर व्याज चढत गेलं. तेही चक्रवाढ.

त्या अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे. ज्या मुलांच्या आया प्राथमिक शाळा पूर्ण केलेल्या होत्या, त्यांचा हा तोटा जवळपास दिसलाच नाही. आई घरी काय करत होती हे आकड्यांत नाही, पण तर्क करता येतो. जिला चौथीपर्यंतचं येतं तिला कळतं, की पोराला कुठे अडलंय. शाळा पाठ बघत होती, आई पोराकडे बघत होती.

हा अभ्यास मनात ठेवून आपल्या कायद्याचं २४ वं कलम वाचा. शिक्षकाची कर्तव्यं तिथे आहेत. एक, ठरलेल्या मुदतीत संपूर्ण अभ्यासक्रम पूर्ण करणं. आणि त्याच्या लगेच पुढे, प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून त्याला लागेल तसं जादा शिकवणं. सरळ वर्षात ही दोन कर्तव्यं शेजारी शेजारी नांदतात. आपत्तीच्या वर्षात ती भांडतात. मुदत पाळायची तर मूल सुटतं, मूल धरायचं तर मुदत सुटते. आणि भांडणात नेहमी पहिलं जिंकतं, कारण अभ्यासक्रम पूर्ण झाला की नाही हे तपासायला अधिकारी येतो, मूल कुठे आहे हे तपासायला सहसा कोणी येत नाही. त्या बाईंच्या रविवारी जे घडत होतं ते हेच. रविवारी त्या पुढचा धडा शिकवत होत्या.

इथे आमच्या विषयातली एक जुनी गोष्ट आठवते. आपल्या धर्मशास्त्रात 'अनध्याय' नावाचं प्रकरण आहे, म्हणजे अध्ययन बंद ठेवायचे प्रसंग. त्यात भूकंप आहे, उल्कापात आहे, अवकाळी मेघगर्जना आहे, धुळीचं वादळ आहे. म्हणजे नैसर्गिक आपत्तीत शाळा बंद ठेवायचे नियम आपल्याकडे खूप जुने आहेत! पण हे बुडालेले दिवस भरून काढायची विवंचना त्यात फारशी दिसत नाही. का? याचं उत्तर मनुस्मृतीत ब्रह्मचर्याच्या मुदतीबद्दल जे सांगितलंय त्यात सापडतं. छत्तीस वर्षं, किंवा त्याच्या निम्मी, किंवा पाव, आणि शेवटचा पर्याय 'ग्रहणान्तिक', म्हणजे विद्या आत्मसात होईपर्यंत. एक माप काळाचं, दुसरं माप आकलनाचं. दुसरं माप हाताशी असलं, की पहिल्यातले चार दिवस इकडे-तिकडे झाले तरी बिघडत नाही.

ऐकायला छान आहे, आणि नेमकं म्हणूनच सावध राहायला हवं. त्या व्यवस्थेत शिकणारे मोजके होते. गुरूसमोर पाच-सात मुलं, तीही ठराविक वर्णांची. शूद्र आणि स्त्रिया दाराबाहेर. ज्यांना शिकवायचंच नव्हतं त्यांचे दिवस कशाला मोजायचे? महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षण बारा वर्षांपर्यंत सक्तीचं करा म्हणून मागणी केली, गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक मांडलं आणि ते हाणून पाडलं गेलं, शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात सक्तीचा कायदा केला. तिथून मोजणी सुरू होते. सगळ्यांना द्यायचं ठरलं, की मोजावं लागतं. मोजलं नाही तर ज्याचा आवाज लहान त्याचे दिवस आधी जातात. म्हणून '२०० दिवसांचा नियम काढून टाका, फक्त आकलन बघा' असं जे आजकाल कानावर येतं, त्याला आमचा विरोध आहे. आकलनाचा निर्णय कोण करणार? आणि आकलन झालं नाही, तर 'मुलातच काही नाही' म्हणायला आपण किती पटकन तयार होतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आकडा निदान सरकारला बांधतो.

तर आकडा हवा. मग तो पाळता आला नाही तर काय करायचं? मीमांसकांनी यज्ञाच्या बाबतीत हा प्रश्न फार बारकाईनं सोडवला आहे. त्यांच्याकडे कर्माचे प्रकार आहेत. काम्य कर्म, म्हणजे काही फळ मिळावं म्हणून केलेलं, ते सर्व अंगांसह पूर्ण झालं पाहिजे. जमत नसेल तर करू नका. नित्य कर्म मात्र चुकवायचं नाही, मग एखादं अंग कमी पडलं तरी यथाशक्ती करायचं. आणि साहित्य मिळालं नाही तर 'प्रतिनिधी' घ्यायचा. व्रीही, म्हणजे भात, नसेल तर नीवार, म्हणजे देवभात. सोम नसेल तर पूतीक. पण प्रतिनिधीलाही मर्यादा आहेत. कशाला प्रतिनिधी चालत नाही याची यादी त्यांनी दिली आहे, आणि तिच्यात यजमान आहे. ज्याच्यासाठी यज्ञ आहे, त्याच्या जागी दुसरा चालत नाही.

आम्ही शाळेला नित्य कर्म समजतो. इमारत गेली तर देवळाचा मंडप प्रतिनिधी. पुस्तक भिजलं तर फळा. सोमवार गेला तर शनिवारची दुपार. शिक्षक छावणीवर असेल तर गावातली बारावी झालेली मुलगी, जशी जमेल तशी. हे सगळे प्रतिनिधी चालतील. पण मुलाला प्रतिनिधी नाही. ते जिथे आहे तिथून सुरुवात झाली नाही, तर बाकीचं साहित्य कितीही शुद्ध असलं तरी कर्म घडलंच नाही. रिकाम्या बाकांसमोर झालेला तास हा तास नव्हे. आणि मूल बाकावर आहे पण पाठ त्याच्या डोक्यावरून चाललाय, तर तोही रिकाम्या बाकाचाच तास.

आता त्या बाईंच्या प्रश्नाला उत्तर देता येतं. रविवारची शाळा चूक नाही. चूक आहे रविवारी पुढचा धडा घेणं. शाळा उघडल्यावर पहिले काही दिवस पुस्तक बाजूला ठेवून एवढंच बघा, की कोण वाचतो, कोण अडखळतो, कोणाला हातच्याची वजाबाकी येते. आपल्याच मुंबईत १९९०च्या दशकात सुरू झालेल्या 'प्रथम' या संस्थेनं मुलांचे गट इयत्तेनुसार न करता त्यांना काय येतं यानुसार करायची पद्धत वाढवली. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी तिची पाहणी केली आणि ती उपयोगी पडते असं दाखवलं. दिवसातला तास-दीड तास असे गट केले, की चौथीतलं मूल दुसरीतल्या मुलाशेजारी बसून वाचायला लागतं. त्याला कमीपणा वाटेल अशी भीती असते. पूरग्रस्त गावात ती कमी असते, सगळ्यांचंच काही ना काही वाहून गेलेलं असतं. करोनानंतर १ जुलै २०२१ पासून राज्यानं ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम आणला, त्यामागे हाच विचार होता: आधी मागचं, मग पुढचं. तो कागदावर चांगला होता. फक्त शाळा बंद असताना तो बऱ्याच मुलांपर्यंत फोनवरूनच पोहोचायचा होता.

आणि हजेरीपटाशेजारी एक वही ठेवा. शाळेचे दिवस पटावर राहू द्यात. वहीत मुलाचं नाव, त्याचे स्वतःचे बुडालेले दिवस, आणि ते परत आलं तेव्हा कुठे होतं. ही वही वर पाठवायची गरज नाही, पुढच्या वर्षीच्या शिक्षकाच्या हातात द्यायची. देणं एका वर्षात फिटलं नाही तर पुढच्या वर्षी ओढलं जाईल, पण ते कोणाचं आहे आणि किती आहे हे लिहिलेलं असेल.

वरच्या पातळीवर करायचं ते निराळं आहे. आपलं शैक्षणिक वर्ष जूनच्या मध्याला सुरू होतं, ऐन पावसाच्या तोंडावर. म्हणजे पूर येणार तो पहिल्या सत्रातच. तरी कोकणातला, शिरोळ तालुक्यातला आणि माणदेशातला सुट्ट्यांचा तक्ता जवळपास सारखाच. विदर्भात उन्हाळ्यासाठी शाळा उशिरा उघडतात, मग पाण्यासाठी नदीकाठी वेगळा तक्ता का नसावा? २०२२ मध्ये आसामनं पुरामुळे उन्हाळी सुट्टी जुलैवरून अलीकडे, २५ जूनला आणली. केरळच्या शिक्षणमंत्र्यांनी २०२५ मध्ये सुट्टी एप्रिल-मेऐवजी जून-जुलैत घ्यावी का अशी चर्चा सुरू केली. आमच्या मते पूरप्रवण तालुक्यांनी वर्षाच्या सुरुवातीलाच दहा-बारा दिवस राखून ठेवावेत. आणि छावणीसाठी शाळेव्यतिरिक्त एखादी इमारत असावी, हे तर इतक्या वेळा सांगून झालंय की सांगायची लाज वाटते.

बरं, चिठ्ठीवर दोन प्रश्न आलेत. पहिला: "नववी-दहावीचं काय? हा कायदा तर आठवीपर्यंतच आहे." बरोबर. तिथे दिवसांचा हक्क नाही, फक्त नियम आहे, आणि नियमाच्या पलीकडे बोर्डाची तारीख आहे. २०२१ मध्ये दहावीची परीक्षाच रद्द झाली आणि नववीच्या गुणांना निम्मं वजन देऊन निकाल लावला. त्या मुलांना गुण मिळाले. त्यातल्या कितींना बीजगणित मिळालं हे अकरावीच्या शिक्षकांना विचारा.

दुसरा प्रश्न एका आजोबांचा आहे: "नातवाची शाळा पुरात तीन आठवडे बंद होती. घरी काय करू?" आई-वडिलांना वेळ नसेल तर तुम्ही रोज अर्धा तास बसा. त्याला काही शिकवू नका. त्याला वाचायला सांगा आणि ऐका. कुठे अडतो ते एका कागदावर लिहा आणि शाळा उघडली, की तो कागद बाईंना नेऊन द्या.